छुफूचं प्रकरण: कन्फ्यूशियसच्या गावात क्रांतीने घेतलेले निर्णय

चीनच्या शानडोंग प्रांतातल्या छुफू या जिल्ह्याच्या गावी नोव्हेंबर १९६६ मध्ये, माओने सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, जे घडलं, त्याचा हा अभ्यास आहे. साम्यवाद आणि कन्फ्यूशियसचा विचार या दोन शक्तींनी पूर्व आशिया घडवला, असं आपण सहज म्हणतो. पण त्या एकाच आवारात समोरासमोर आल्या तेव्हा माणसांनी प्रत्यक्ष काय ठरवलं, हे छुफूत तपशिलाने पाहता येतं. स्थानिक अधिकारी आणि विद्यार्थी यांची नावं इथे दिलेली नाहीत. मला त्यांच्या व्यक्तिमत्त्वापेक्षा त्यांच्यापुढचे पर्याय महत्त्वाचे वाटतात.

पार्श्वभूमी

कन्फ्यूशियसचा काळ इ.स.पू. ५५१ ते ४७९. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात लू राज्याच्या अधिपतीने त्याचं राहतं घर पूजास्थान केलं आणि त्याच जागी, घराण्यामागून घराणी भर घालत गेली तसं, आजचं प्रचंड मंदिर उभं राहिलं. मंदिराला लागून त्याच्या वंशजांचा, म्हणजे खोंग घराण्याचा वाडा आहे. गावाच्या उत्तरेला त्यांची दफनभूमी आहे. तिथे एक लाखाहून अधिक थडगी आहेत. मंदिर, वाडा आणि दफनभूमी या तिन्हींना मिळून चिनी लोक ‘तीन खोंग’ म्हणतात.

वाड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण क्रांतिकारकांचा राग निव्वळ पुस्तकी नव्हता. १०५५ साली सोंग सम्राटाने थोरल्या पातीला वंशपरंपरेचा ड्यूक हा किताब दिला. त्यासोबत इनामी जमिनी, करमाफी आणि हजारो कुळं आली. वाड्यात स्वतःची कचेरी होती. खंड थकवणाऱ्या कुळाला तिथे बोलावून शिक्षा होई. अठराव्या शतकापर्यंत तर छुफूचा दंडाधिकारीही खोंगांपैकीच असे. ज्याच्या वचनांत करुणा आणि माणुसकी सर्वांत वर आहे, त्याच्याच नावाने इथे वतनदारी चालली. वाड्याच्या दप्तरात मिंग घराण्याच्या काळापासून १९४८ पर्यंतचे कागद आहेत. त्यांत कुळांची ही बाजूही वाचता येते.

वाड्याबाहेरच्या चीनमध्ये या विचाराची पकड आणखी खोल होती. राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र ही पाच नाती नीट पाळली की जग नीट चालतं, ही त्याची मांडणी. शतकानुशतकं सरकारी नोकरीची परीक्षा याच ग्रंथांवर होई. ती १९०५ साली बंद झाली आणि सुशिक्षितांच्या पायाखालची जमीनच गेली. १९१९ च्या ‘चार मे’ या विद्यार्थ्यांच्या आंदोलनात तरुणांनी ‘खोंगांचं दुकान मोडून टाका’ ही घोषणा उचलली. दोन वर्षांनी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, तो याच पिढीने. पक्षाचा पहिला प्रमुख चेन दूश्यू हा त्या आंदोलनाचा अग्रणी होता. माओने हुनान प्रांतातल्या शेतकऱ्यांवरच्या १९२७ च्या अहवालात लिहिलं, की शेतकऱ्याला चार सत्तांनी जखडलं आहे: राज्याच्या, घराण्याच्या, देवांच्या, आणि बायकांना त्याखेरीज पुरुषाच्या. यातल्या किमान तीन दोरांची गाठ कन्फ्यूशियसच्या नात्यांच्या चौकटीत सापडते.

तरीही पक्षात दुसरा सूरही होता, आणि तो दुबळा नव्हता. १९३८ साली माओनेच सांगितलं, की कन्फ्यूशियसपासून सुन यात-सेनपर्यंतचा वारसा तपासून घेऊन आपलासा केला पाहिजे. १९३९ साली पक्षाच्या तेव्हाच्या तळावर, येनानमध्ये, पक्षाचा एक प्रमुख नेता ल्यू शाओ-ची याने चांगला कम्युनिस्ट कसं व्हावं यावर व्याख्यानं दिली. त्यांत त्याने कन्फ्यूशियस आणि त्याच्याच परंपरेतला नंतरचा विचारवंत मेन्सियस यांचे दाखले देत आत्मसंस्कार हाच पाया धरला. रोज स्वतःला तपासणारा कार्यकर्ता आणि रोज स्वतःला तपासणारा सज्जन यांच्यात त्याला अंतर दिसत नव्हतं. ही व्याख्यानं पुढे लाखो कार्यकर्त्यांनी अभ्यासली.

तेव्हा १९४९ मध्ये सत्ता आली ती हा प्रश्न न सोडवताच. ७७ व्या पिढीचा वारस खोंग देचेंग १९३८ सालीच जपान्यांपुढून माघार घेणाऱ्या राष्ट्रवादी सरकारबरोबर छुफू सोडून गेला होता. तो पुढे तैवानला गेला आणि २००८ साली तिथेच वारला, छुफूला परतला नाही. वाड्याच्या जमिनी कुळांना वाटल्या गेल्या. १९५२ मध्ये माओ स्वतः छुफू पाहून गेला. मार्च १९६१ मध्ये पंतप्रधान चाऊ एन-लायच्या मंत्रिमंडळाने राष्ट्रीय संरक्षित वास्तूंची पहिली यादी काढली, १८० स्थळांची. तिन्ही खोंग त्या यादीत होते आणि तसा दगडी फलक छुफूत लागला. १९६२ साली प्रांताची राजधानी जिनान इथे कन्फ्यूशियसवर विद्वानांचा परिसंवादही झाला. वारसा राखायचा की मोडायचा याचा निर्णय राखण्याच्या बाजूने लागला, असं त्या काळी कुणालाही वाटलं असतं.

पेच

ऑगस्ट १९६६ मध्ये ‘चार जुन्या गोष्टी’ मोडण्याची हाक आली: जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या रूढी, जुन्या सवयी. देशभर रेड गार्ड, म्हणजे माओच्या हाकेवर उठलेले विद्यार्थी, मंदिरं आणि घरं फोडत सुटले. छुफूत महिनाअखेरीस स्थानिक विद्यार्थ्यांचे जथे वाड्याच्या दाराशी आले.

जिल्हा पक्षसचिवाची कोंडी अशी होती. तो निष्ठावंत कम्युनिस्ट होता. माओच्या हाकेला विरोध म्हणजे प्रतिक्रांती. पण दुसऱ्या बाजूला १९६१ चा सरकारी आदेश होता, तोही त्याच पक्षाच्या सरकारचा आणि लेखी. शिवाय छुफूतला साधारण दर पाचवा माणूस खोंग आडनावाचा होता, म्हणजे आदेश पाळणारे, तो मोडणारे आणि ज्यांच्या पूर्वजांची थडगी धोक्यात आहेत ते, अनेकदा एकाच घरातले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दारं उघडून बाजूला होण्याचा. देशभरात बहुतेक अधिकाऱ्यांनी तेच केलं. त्यात स्वतःची कातडी वाचण्याची शक्यता सर्वाधिक होती.

दुसरा, ही राज्याची मालमत्ता आहे, ती फोडणं म्हणजे क्रांतीचंच नुकसान, असा पवित्रा घेऊन दार अडवण्याचा.

तिसरा मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. वाडा हा जमीनदारीचा पुरावा आहे, तो मोडला तर जनतेला शोषण दाखवणार कशावरून, अशी मांडणी करून तो ‘वर्गशिक्षणा’चं प्रदर्शन म्हणून राखायचा. यात वस्तू वाचतात, पण ज्या मूल्यासाठी त्या वाचवायच्या ते मूल्य उघडपणे सोडून द्यावं लागतं. ही निव्वळ चलाखी होती असं मी मानत नाही. दप्तरातले कुळांचे कागद पाहता या मांडणीत सत्याचा मोठा अंश होता.

चौथा, थेट बीजिंगकडे, म्हणजे चाऊ एन-लायच्या कार्यालयाकडे दाद मागण्याचा.

घेतलेले निर्णय

ऑगस्टमध्ये जिल्हा समितीने दार अडवलं. स्थानिक कामगार, शेतकरी आणि गावातलेच रेड गार्ड पहाऱ्यावर उभे राहिले. १९६१ चा आदेश हाच त्यांचा मुख्य आधार होता. दाराशी आलेल्या जथ्यांना आत शिरता आलं नाही आणि त्या वेळचं संकट टळलं. क्रांतीच्या विरोधात एक शब्दही न बोलता, क्रांतीच्याच कागदाने त्यांनी ते टाळलं.

इथे थोडं थांबतो. सचिवाने जे केलं त्याला कन्फ्यूशियसच्या विचारात जुनी जागा आहे. राजाची सेवा कशी करावी, असं एका शिष्याने विचारल्यावर गुरूने उत्तर दिलं होतं, की त्याला फसवू नकोस, पण वेळ आली तर तोंडावर विरोध कर. चुकणाऱ्या सत्तेला अडवणं हा निष्ठेचाच भाग, ही त्या परंपरेतली सर्वांत धीट शिकवण आहे. सचिवाने हे वचन डोळ्यांपुढे ठेवलं होतं असं मी म्हणत नाही. पण पक्षाच्या शिस्तीत वाढलेल्या या माणसाचं वागणं त्या साच्यात चपखल बसतं. आणि त्या साच्याची जुनी उणीवही त्याच्या वाट्याला आली. विरोध करणाऱ्या मंत्र्याचा गौरव होई, पण त्याला संरक्षण देणारी कुठलीही व्यवस्था नसे. सगळं अवलंबून असे ते वर बसलेल्या माणसावर.

नोव्हेंबरात वरचा आवाज बदलला. ९ नोव्हेंबरच्या सुमारास बीजिंग नॉर्मल विद्यापीठातले दोनशेहून अधिक विद्यार्थी एका विद्यार्थिनी नेत्याच्या मागे छुफूत आले. सांस्कृतिक क्रांती चालवणाऱ्या केंद्रीय गटाचा हात त्यांच्या पाठीवर होता. दार न उघडण्याची भाषा आता टिकण्यासारखी नव्हती. काय मोडायचं आणि काय नाही, यावर केंद्रीय गटाकडून सूचनाही आल्या. हान काळातले प्राचीन शिलालेख राखावेत, छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळातले फोडायला हरकत नाही, कन्फ्यूशियसची कबर खणता येईल, आणि मंदिर-वाड्याचं रूपांतर जमीनदारांच्या जुलमाच्या प्रदर्शनात करता येईल. म्हणजे तिसरा पर्याय, जो संरक्षणासाठी वापरता आला असता, तो विध्वंसाच्याच यादीत एक कलम होऊन बसला.

१५ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी मंत्रिमंडळाला निषेधपत्र पाठवलं आणि १९६१ चा संरक्षणफलक फोडला. या सगळ्या प्रकरणात मला हा क्षण निर्णायक वाटतो. मूर्ती पुढे पडल्या, पण फलक फुटला तेव्हा लेखी आदेशाला किंमत उरली नाही हे सर्वांना कळलं. त्यानंतर छुफूत कुणी काही अडवलं नाही.

परिणाम

पुढचे काही आठवडे तोडफोड चालली. मुख्य सभागृहातली कन्फ्यूशियसची मूर्ती रस्त्यांवरून मिरवून जाळली गेली. १४४३ सालची त्याच्या समाधीची शिळा फुटली, कबर खोदली गेली, आत काही सापडलं नाही. ७६ व्या पिढीच्या ड्यूकचा देह मात्र थडग्यातून काढून विटंबना केली गेली. नंतरच्या मोजणीप्रमाणे सहा हजारांहून अधिक वस्तू नष्ट झाल्या. त्यांत नऊशेहून अधिक चित्रं आणि सुलेखनपट, २,७०० हून अधिक जुने ग्रंथ होते. हजाराहून अधिक शिळा फुटल्या. विद्यार्थी डिसेंबरात परत गेले, पण थडगी उकरणं थांबलं नाही. आसपासच्या गावांतले लोक सोन्याचांदीच्या आशेने दफनभूमीत उतरले. दोन हजारांवर थडगी उघडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या खंड भरलेल्या माणसाने तिथे काय शोधलं असेल, हे केवळ लोभ म्हणून सांगता येत नाही.

जिल्हा सचिवाची जाहीर निर्भर्त्सना झाली. ल्यू शाओ-चीच्या आत्मसंस्काराच्या व्याख्यानांवर १९६७ मध्ये देशभर झोड उठली. त्याला १९६८ मध्ये पक्षातून काढलं आणि १९६९ मध्ये तो नजरकैदेत मेला. १९७४ मध्ये लिन पिआओ आणि कन्फ्यूशियस यांच्यावर एकत्र टीका करण्याची मोहीम निघाली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा गुरू आणि तीन वर्षांपूर्वी विमान अपघातात मेलेला सेनापती एका फळ्यावर आले.

एक विसंगती नोंदवायलाच हवी. ज्या तरुणांनी मूर्ती जाळली ते हातात माओची वचनं घेऊन आले होते. त्याला ते ‘महान गुरू’ म्हणत, त्याचं वचन पाठ करत, त्यावर अर्थ लावत. मुलांनी आईबापांविरुद्ध उभं राहावं असं त्या क्रांतीने सांगितलं, आणि त्याच वेळी एका पित्यापुढे संपूर्ण देशाला उभं केलं. माझं मत असं, की नात्यांची चौकट मोडली गेली नाही, तिची मधली सगळी टोकं कापून फक्त वरचं ठेवलं गेलं. ज्येष्ठ, शिक्षक, मंत्री यांपैकी जे कुणी सत्तेला अडवू शकत, ते गेले. आज्ञा तेवढी राहिली.

त्यानंतरची वळणं

१९७९ मध्ये तिन्ही स्थळं लोकांसाठी खुली झाली. १९८४ पर्यंत मुख्य सभागृहात नवी मूर्ती बसली. त्या काळातला निर्णय समजण्यासारखा आहे. देशाला पर्यटक हवे होते, तैवान आणि सिंगापूरच्या चिनी लोकांशी बोलायला समान भाषा हवी होती, आणि दहा वर्षांच्या गोंधळानंतर सुव्यवस्थेचा कुणीतरी आदरणीय पुरस्कर्ता हवा होता. माओनंतरचा नेता डेंग शियाओपिंग याने आधुनिकीकरणाच्या उद्दिष्टाला जे नाव दिलं, ‘शियाओखांग’, म्हणजे बेताची सुस्थिती, तेही जुन्या कन्फ्यूशियन ग्रंथातलं. १९९४ मध्ये युनेस्कोने छुफूला जागतिक वारसा म्हटलं.

डिसेंबर २००० मध्ये वेगळाच धक्का बसला. स्थळांचं व्यवस्थापन पर्यटन कंपनीकडे जात असताना एका समारंभाच्या तयारीत जुन्या रंगकामावर पाणी मारून सफाई झाली आणि अनेक ठिकाणचं नक्षीकाम खराब झालं. १९६६ शी याची तुलना करणं अन्यायाचं ठरेल, पण प्रश्न तोच होता. कायदा कागदावर होता आणि जागेवर त्याच्या बाजूने ‘नाही’ म्हणणारा कुणी नव्हता.

२००४ पासून सप्टेंबरात मंदिरात सरकारी पुढाकाराने पूजाविधी होऊ लागला. जानेवारी २०११ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकालगत, राष्ट्रीय संग्रहालयाबाहेर, कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटर उंच पुतळा उभा राहिला. एप्रिलमध्ये तो गाजावाजा न करता आतल्या अंगणात हलवला गेला. माओच्या तसबिरीसमोर या माणसाची जागा कोणती, यावर पक्षातच एकमत नव्हतं, असाच याचा अर्थ लावता येतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये शी जिनपिंग छुफूला गेले. २०२१ मध्ये त्यांनी मार्क्सवादाचा चीनच्या परंपरागत संस्कृतीशी मेळ घालण्याची भूमिका जाहीर केली. म्हणजे १९३९ ची ल्यू शाओ-चीची वाट पुन्हा राजमार्ग झाली.

घरांमध्ये मात्र हा हिशेब निराळा चालला होता. १९५६ मध्ये माओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुरण्याऐवजी दहनाच्या बाजूने सही केली, घराण्यांच्या जमिनी गेल्या, १९५० च्या विवाह कायद्याने आईबापांनी लादलेली लग्नं रद्द ठरवली. तरी वसंतात छिंगमिंगच्या दिवशी पूर्वजांची थडगी झाडण्याची रीत पुसली गेली नाही. पक्षाने तिला हुतात्म्यांच्या स्मरणाचं वळण दिलं, आणि २००८ पासून तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा झाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेईत वारले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत त्यांची समाधी आहे. छिंगमिंगला तिथे फुलं वाहिली जातात. पक्षात दाखल झालेल्या मराठी डॉक्टरला चिनी लोक पूर्वजांच्या रीतीने मान देतात. या दोन प्रवाहांचं मिसळणं याहून साध्या शब्दांत मला मांडता येत नाही.

२००९ मध्ये खोंगांची नवी वंशावळ छापली गेली. आधीची १९३७ ची. नव्या नोंदीत वीस लाखांहून अधिक नावं आहेत आणि प्रथमच मुलींची नावं घेतली गेली. बायकांच्या मानेवरचा चौथा दोर सैल करण्याची भाषा १९२७ च्या अहवालात होती. तो बदल या जुन्या कन्फ्यूशियन दस्तऐवजात शिरायला ब्याऐंशी वर्षं लागली.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्ट ते नोव्हेंबर या जवळपास अडीच महिन्यांचा अवकाश हा पहिला मुद्दा. दार अडवण्यात यश आलं तेव्हा हलवता येण्याजोग्या गोष्टी, ग्रंथ आणि सुलेखनपट, दुसरीकडे नेता आले असते. शिळा नेता येत नाहीत, कागद नेता येतात. अर्थात तसं करणं म्हणजे पुन्हा हल्ला होणार हे लेखी मान्य करणं, आणि तेवढ्यावरही सचिवाचं डोकं उडालं असतं. म्हणून दोष त्याला देणं मला पटत नाही.

दुसरा मुद्दा हनोईचा. व्हिएतनाममध्येही तोच विचार आणि तोच पक्षप्रकार होता. हो ची मिन्ह स्वतः कन्फ्यूशियन पदवीधराचा मुलगा होता आणि कार्यकर्त्यांना उद्योग, काटकसर, सचोटी, न्याय हे जुनेच गुण शिकवत असे. १०७० साली स्थापन झालेलं हनोईचं साहित्यमंदिर आणि परीक्षा उत्तीर्णांच्या ८२ शिळा टिकल्या. १९५३ ते ५६ च्या जमीनसुधारणेत तिथेही भयंकर अत्याचार झाले. पण १९५६ मध्ये नेतृत्वाने चूक जाहीरपणे मान्य केली आणि पक्षाच्या सरचिटणीसाला पद सोडावं लागलं. कबुली पुरेशी होती का, यावर वाद होईल. पण गुरूला शत्रू ठरवून केलेली मोहीम तिथे निघाली नाही, आणि वरच्याने खालच्यापुढे चूक मानण्याचा पायंडा थोडा तरी पडला.

तिसरा मुद्दा १९८४ चा. मूर्ती इतक्या लवकर परत बसवताना १९६६ ची नोंद तिच्याशेजारी ठेवायला हवी होती. समाधीची शिळा सांधून पुन्हा उभी केली आहे, भेगा स्पष्ट दिसतात. त्या भेगा कशाने पडल्या, फलक कुणी फोडला, ऑगस्टमध्ये पहाऱ्यावर कोण होतं, वाड्याच्या कुळांनी किती खंड भरला, हे सगळं एकाच आवारात, एकाच प्रदर्शनात मांडण्याजोगं आहे. कुळांचे कागद वाड्याच्या दप्तरात आहेत. विध्वंसाची मोजणी झालेली आहे. राहिल्या आहेत त्या माणसांच्या साक्षी. १९६६ मध्ये जे वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत, दाराच्या आतलेही आणि बाहेरचेही. त्यांच्या मुलाखती घेणं हे काम पहिल्या क्रमांकावर असायला हवं.